ढगाची डुप्लिकेट चावी

ढगांशी माझा आजवरचा संबंध छत्रीपुरता होता. ढग आले की छत्री न्यायची आणि ढग गेले की ती बँकेत विसरून यायची, एवढाच आमचा व्यवहार. ज्या वयात इतर मुले ढगांवर कविता करीत होती त्या वयात मी डबल एंट्री शिकत होतो. बी. कॉम.ला ढगांवर प्रश्न येत नाही. अशा माणसाला सेहेचाळिसाव्या वर्षी ढगाशी जमाखर्च मांडावा लागेल असे भविष्य कुणी सांगितले असते, तर मी त्याच्याकडे आधी व्हाउचर मागितले असते.

हा ढग अर्थातच आभाळातला नव्हे. हल्ली सगळे ज्याला क्लाउड म्हणतात, तो. नाव ढग असले तरी तो असतो जमिनीवरच. कुठल्या तरी गावात एक अवाढव्य इमारत, तीत हजारो कॉम्प्युटर, त्यांना गार ठेवणारी यंत्रे आणि दारावर वॉचमन. आपली चीजवस्तू आपण तारेवरून तिकडे धाडायची आणि भाडे भरत राहायचे. म्हणजे बँकेचा लॉकरच की! फरक इतकाच, की हा लॉकर कुठल्या शाखेत आहे ते आपल्याला ठाऊक नसते आणि शाखेला आपण ठाऊक नसतो.

मी ह्या भानगडीत पडलो तो खजिनदार म्हणून. बँकेत नोकरी करणाऱ्याला गावातली कुठलीही संस्था खजिनदार करून टाकते. डॉक्टरला जसे लोक लग्नाच्या पंगतीतही जीभ काढून दाखवतात, तशी माझ्यापुढे कोणीही पावतीपुस्तक काढते. गणपती मंडळ झाले, सोसायटी झाली, आणि शेवटी आमच्या तालुक्याच्या गावातले वाचनालय गळ्यात पडले. बावीस हजार पुस्तके, तीन कपाटे वाळवीने खाल्लेली, एक अध्यक्ष, आणि सत्तावीस वर्षे नोकरी झालेल्या ग्रंथपाल बाई. ह्यांतले खरे चालू काय असेल तर बाई.

आणि होते नाना. नाना एक्याण्णव वर्षांचे. दर रविवारी सकाळी नऊच्या ठोक्याला ते खिडकीजवळच्या खुर्चीत येऊन बसायचे, वर्तमानपत्र उलगडायचे आणि त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका पेन्सिलीने दुरुस्त करायचे. गावाचा साठसत्तर वर्षांचा इतिहास त्यांच्या डोक्यात होता आणि तो लिहून काढा म्हटले की म्हणायचे, "लिहायला वेळ कुठाय?"

तर ह्या वाचनालयाचे आधुनिकीकरण करायचे ठरले. बाई आणि दोन निवृत्त शिक्षक ह्यांनी वर्षभर बसून जुनी रजिस्टरे, फोटो, हस्तलिखिते असे जे जे पिवळे पडले होते ते ते स्कॅन केले. हा सगळा ऐवज एका डब्यात भरला. डब्यात दोन डिस्क होत्या. एकीवर जे लिहावे ते दुसरीवर आपोआप उतरायचे. शिवाय वाचकांसाठी वाय-फाय हवे, म्हणून एक राउटर, एक स्विच आणि छताला तीन पांढऱ्या बशा आल्या. हे सगळे बसवून दिले आमच्या एका जुन्या सभासदाच्या नातवाने. पोरगा पंचविशीतला, इंजिनियर, आणि गावात सहसा न आढळणारा गुण म्हणजे फुकट काम करणारा.

"काका," तो मला म्हणाला, "आता हे सगळं क्लाउडवरून मॅनेज होईल."

"कोण करणार मॅनेज?"

"क्लाउडच."

"त्याला मानधन किती?"

"वर्षाचं लायसन घ्यावं लागतं. काही कंपन्यांचं तर असं आहे, की लायसनची मुदत टळली, सवलतीचे दिवसही संपले, की डबा चालायचाच बंद होतो."

"विकत घेतलेला डबा?"

"विकत घेतलेला डबा."

मी खर्चाच्या वहीत हा रकाना कुठे घालावा ह्याचा विचार करू लागलो. पोरगा पुढे समजावीत राहिला. राउटर इथे भिंतीवर, पण त्याची सेटिंग्ज ठेवलेली कंपनीच्या ढगात. वाय-फायचे नाव काय, कोणाला किती वेग द्यायचा, कुठल्या साइट बंद ठेवायच्या, सगळे तिकडे. आपण जगात कुठूनही डॅशबोर्ड उघडायचा, तिथे बदल करायचा, तो बदल तारेवरून डब्यात उतरतो. ढगाशी संपर्क तुटला तर डबा सहसा बंद पडत नाही, शेवटच्या हुकुमाप्रमाणे काम करत राहतो. मात्र नवा बदल करता येत नाही.

हे मला एका झटक्यात समजले. ही तर आमची शाखा! हात इथे, डोके हेड ऑफिसात. सर्क्युलर आले की आम्ही वागणूक बदलतो. टपाल तुंबले तर जुन्या सर्क्युलरप्रमाणे चालू ठेवतो. आणि हेड ऑफिसात कोणी चुकीचे सर्क्युलर काढले की ती चूक एकाच दिवशी सगळ्या शाखांत इमानेइतबारे अमलात येते.

"अगदी बरोबर, काका!" पोरगा खूश झाला. "म्हणूनच सेटिंग्जचाही बॅकअप पाहिजे. डॅशबोर्डवर चुकीचं बटण दाबलं तर कालचं सेटिंग काय होतं ते परत मिळेलच असं नाही."

त्याने मग दुसरा ढग आणला. पहिला ढग डब्यांचे डोके सांभाळणारा, दुसरा नुसत्या प्रती ठेवणारा. ह्या दोघांची त्याने ओळख करून दिली. प्रत्येक ढगाला म्हणे एक मागचे दार असते, त्याला एपीआय म्हणतात. माणसाने पुढच्या दाराने जायचे, पासवर्ड द्यायचा आणि रंगीत चित्रे बघायची. यंत्राने मागच्या दाराने जायचे, चावी म्हणून अक्षरांची एक लांबलचक ओळ दाखवायची आणि 'सेटिंग्ज वाचून दाखव' म्हणायचे. बॅकअपवाला ढग रोज रात्री ह्या दारातून जाणार, सेटिंग्ज उतरवून आणणार, कालच्याशी ताडून पाहणार आणि फरक टिपून ठेवणार. त्याच्या चावीला फक्त वाचायची परवानगी. हात लावायची नाही. गुप्त पासवर्ड मात्र बहुधा ह्या दाराने मिळत नाहीत. त्या जागी फुल्या येतात. ते आपले आपण कागदावर लिहून ठेवायचे. एवढ्या मोठ्या यंत्रणेत शेवटी कागद आला हे पाहून मला बरे वाटले.

राहिली डब्यातली स्कॅन केलेली चीजवस्तू. ती दोनशे जीबी. आमच्या लाइनीचा वर चढवण्याचा वेग सेकंदाला दहा मेगाबिट. मी लगेच पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सोळा लाख मेगाबिट, भागिले दहा, एक लाख साठ हजार सेकंद, म्हणजे साडेचव्वेचाळीस तास. दोन दिवसांत साडेतीन तास कमी! आणि तेवढा वेळ वाचकांचे वाय-फाय गुदमरणार. म्हणून पोरग्याने राउटरमध्ये बॅकअपच्या वेगाला लगाम घातला आणि पहिली खेप हप्त्याहप्त्याने चढवली. पुढे रोज जे नवे असेल तेवढेच, पहाटे दोन वाजता, गाव झोपलेले असताना. डब्याच्या बटणावर त्याने तांबड्या शाईत कागद चिकटवला, 'हे बटण बंद करू नये', आणि तो २०२४ च्या फेब्रुवारीत नोकरीसाठी टोरांटोला निघून गेला.

इथे माझा प्रवेश होतो. फेब्रुवारीअखेर विजेचे बिल आले. ते पाहून माझ्यातला खजिनदार खवळला. रात्री वाचनालयात चिटपाखरू नसते, मग मीटर कोणासाठी फिरते? मी सभेत आकडे मांडले. महिन्याला दोनशे तीस रुपये वाचत होते. वर्षाचे दोन हजार सातशे साठ. टाळ्या पडल्या. कार्यवृत्ताच्या वहीत माझ्या सुवाच्य अक्षरात नोंद झाली: 'सर्वानुमते ठरले की, विजेचा अपव्यय टाळण्यासाठी १ मार्चपासून ग्रंथपालांनी निघताना मेन स्विच बंद करावा. सूचक: खजिनदार.'

बाई शिस्तीच्या. पोरग्याने कागद चिकटवलेल्या बटणाला त्यांनी कधी बोट लावले नाही. त्यांनी मेन स्विच बंद केला.

ह्याच सुमारास बाईंनी एक मोठे काम साधले. नाना लिहीत नाहीत ना, मग बोलू देत, म्हणून त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि चार रविवार नानांना बोलते केले. १९६७ च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला तेव्हा पहाटे वाचनालयाची कपाटे कशी चालू लागली होती. १९७२ च्या दुष्काळात वर्गणी भरायला पैसे नसलेल्यांना पुस्तके कशी दिली. चार रविवारांची चार रेकॉर्डिंगे. बाईंनी ती डब्यात उतरवली आणि मोबाइलमधून काढून टाकली, कारण मोबाइल भरला होता. आणि डब्यात आहेत, ढगात आहेत, मग मोबाइलमध्ये कशाला?

मेच्या पहिल्या आठवड्यात नाना गेले. रविवारी खुर्ची रिकामी राहिली. तिथे बसायला कोणी धजेना.

आणि २१ मेला वळीव आला. दुपारी सव्वाचारला मागच्या नारळावर वीज पडली आणि तारेवरून आत आली. दिवे एकदा पांढरेफटक झाले, करपल्याचा वास सुटला आणि राउटर, स्विच आणि डिस्कचा डबा असे तिघे एकदम कैलासवासी झाले. छताचे पंखे मात्र फिरत राहिले. त्यांना डोके नसल्यामुळे ते वाचले. रात्री मेन स्विच बंद करून मी जी वीज वाचवीत होतो, ती अशी दिवसाढवळ्या वसूल झाली.

कमिटीने तातडीने नवा राउटर आणला. ह्या क्लाउडवाल्या डब्यांचे खरे सुख इथेच असते. नव्या डब्याचा नंबर डॅशबोर्डवर नोंदवायचा, की जुन्याची सगळी सेटिंग्ज त्याच्यात आपोआप उतरतात. पण डॅशबोर्ड उघडणार कोण? खाते पोरग्याच्या स्वतःच्या ईमेलवर. वाचनालयाच्या डब्यांचे डोके कायद्याने म्हणा, ढगाच्या दृष्टीने म्हणा, टोरांटोला होते.

सकाळी अकराला फोन लावला. तिकडे रात्रीचा दीड. पोरगा गुणी, उठून बसला. पासवर्ड घातला. तर ओटीपी त्याच्या इथल्या जुन्या नंबरावर गेला! तो नंबर कुठाय?

"आईकडे असेल, काका. पण चालू आहे का कोणास ठाऊक. रिचार्ज नाही केलं तर काही महिन्यांनी कंपनी तो नंबर दुसऱ्यालाच देऊन टाकते."

म्हणजे आमच्या वाचनालयाची चावी एखाद्या अनोळखी गृहस्थाच्या खिशात जाऊन पडण्याची सोय होती. मी धावतच वहिनींच्या घरी गेलो. वहिनी पाटावर बसून कैऱ्या किसत होत्या. हात पुसून त्यांनी देवघराजवळचा खण उघडला आणि त्यातून एक जुनाट मोबाइल काढला. चार्ज केलेला. चालू.

"दर महिन्याला भरते मी ह्यात पैसे," त्या म्हणाल्या. "त्याचा नंबर आहे हो. बंद कसा पडू द्यायचा?"

तांत्रिक कारण विचाराल तर काही नव्हते. मुलगा दूर गेला, त्याचा नंबर तरी घरात राहावा, एवढेच. पण त्या क्षणी आमची सबंध यंत्रणा ह्या एका कारणावर उभी होती.

मी फोन जोडून दिला. ओटीपीची मुदत पाच मिनिटे. वहिनींनी मुलाचा आवाज ऐकला आणि विचारले, "जेवलास का रे?" तो म्हणाला, "आई, इथं रात्र आहे, नंबर सांग." त्या म्हणाल्या, "रात्र आहे तर जागा का?" हे प्रकरण स्वेटरपर्यंत पोहोचले तेव्हा ओटीपी बाद झाला होता. दुसऱ्या वेळी चष्मा सापडेना. तिसऱ्या वेळी मी मोबाइल हातात घेऊन, कॅश मोजताना म्हणतो तशा स्वरात, सहा आकडे खणखणीत म्हटले आणि ढग उघडला.

दहा मिनिटांत सगळी सेटिंग्ज नव्या डब्यात उतरली. काही राहिले असे वाटले म्हणून बॅकअपवाल्या ढगातली कालची यादी ताडून पाहिली, तर तीही बिनचूक! अध्यक्षांनी चहा मागवला. क्लाउडच्या नावाने आम्ही सगळे चांगले बोलू लागलो. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "आता नानांचं उतरवून घेऊ या."

फोनवर जरा वेळ काहीच ऐकू आले नाही.

"काका," पोरगा म्हणाला, "डब्यातल्या फाइलींचा शेवटचा बॅकअप एक मार्चच्या पहाटेचा आहे. त्यानंतर रोज फेल."

बँकेतल्या माणसाला दिवस मोजायला कॅलेंडर लागत नाही. २ मार्च ते २१ मे. एक्याऐंशी रात्री. पहाटे दोनला ढग दार ठोठावीत होता आणि इकडे मेन स्विच बंद. सेटिंग्जचा बॅकअप मात्र ह्या ढगातून त्या ढगात परस्पर जात होता; त्याला आमची वीज लागतच नव्हती. म्हणजे एक्याऐंशी रात्री आम्ही वाय-फायचे नाव काय आणि वेग किती हे डोळ्यांत तेल घालून जपले, आणि नानांचा आवाज जपला नाही.

"पण फेल झाल्याचं कोणाला कळलं कसं नाही?" अध्यक्षांनी विचारले.

कळवले होते. ढगाने रोज मेल पाठवली होती. संध्याकाळी साडेआठला 'डबा बंद पडला', पहाटे 'बॅकअप झाला नाही', सकाळी 'डबा चालू झाला'. रोज तीन मेली, पोरग्याच्या खात्यावर. पहिला आठवडा त्याने बघितल्या, मग नव्या नोकरीच्या धांदलीत त्या परस्पर एका कोपऱ्यात जातील अशी व्यवस्था केली. मी त्याला दोष देत नाही. काउंटरवर रोज तक्रार घेऊन येणाऱ्या गृहस्थाकडे आम्हीही मान वर करून बघत नाही. रोजची तक्रार ही तक्रार राहत नाही, ती हजेरी होते.

बाई काही बोलल्या नाहीत. कार्यवृत्ताची वही मीच काढली, ते पान उघडले आणि आपले सुवाच्य अक्षर आपणच वाचले. सूचक: खजिनदार.

डबा पुण्याला दुरुस्तीवाल्याकडे पाठवून पाहिला. दोन्ही डिस्क गेल्या होत्या. एकीचे दुसरीत उतरत होते हे खरे, पण दोघी एकाच डब्यात. नवराबायकोने एकमेकांना नॉमिनी लावावे आणि एकाच स्कूटरवरून दरीत जावे, तसा प्रकार. तपासणीचे बिल मात्र आले. ते मी माझ्या खिशातून भरले आणि वहीत नोंदवले नाही. नोकरीच्या वीस वर्षांत व्हाउचरशिवाय दिलेली ही पहिली रक्कम.

त्या दिवसांत मला झोप येत नसे. मी इकडेतिकडे वाचू लागलो, तेव्हा कळले की दरीत जाणारे आम्ही एकटे नव्हतो. २०२१ च्या मार्चमध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग गावी ओव्हीएच नावाच्या कंपनीची ढगाची एक इमारत जळून खाक झाली. मूळ चीजवस्तू आणि तिची प्रत अशी दोन्ही तिथेच ठेवलेल्या लोकांचे दोन्ही गेले. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला फेसबुकवाल्यांनी नेटवर्कच्या देखभालीत एक चुकीचा हुकूम सोडला आणि सगळा कारभार सहाएक तास ठप्प झाला. ज्या यंत्रणांनी दुरुस्ती करायची, त्याही त्याच नेटवर्कवर चालणाऱ्या! कपाटाची चावी कपाटात ठेवून कपाट लावून घ्यावे, तसे झाले. आमची ही हे नेहमी करते. पण तिला त्यासाठी एवढे मोठे ऑफिस लागत नाही.

आणि आमचा डबा गेला त्याच महिन्यात, म्हणजे मे २०२४ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर ह्या पेन्शन फंडाच्या सहा लाखांवर सभासदांना आठवड्याहून अधिक काळ आपले खाते बघता आले नाही. त्यांचा संसार गूगलच्या ढगात होता, तोही दोन वेगवेगळ्या ठिकाणी. गूगलकडून खाते उघडताना एका अंतर्गत फॉर्मातला एक रकाना कोरा राहिला होता. कोऱ्या रकान्याचा अर्थ यंत्राने 'मुदत एक वर्ष' असा लावला आणि मुदत भरताच सगळे पुसून टाकले, दोन्हीकडचे! काउंटरवर मी लोकांना 'हा रकाना भरा' म्हणून सांगतो तेव्हा ते माझ्याकडे कसे बघतात, ते मला आठवले. त्या फंडाने आणखी एका निराळ्या पुरवठादाराकडे प्रती ठेवल्या होत्या, त्या कामी आल्या.

हे वाचले आणि मी अंथरुणात उठून बसलो.

"काय झालं हो?" हिने विचारले.

"अगं, डुप्लिकेट चावी!"

"कपाटाची? ती पण आतच आहे," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

आमच्या बँकेत तिजोरीला दोन चाव्या लागतात, दोन वेगळ्या माणसांकडे असलेल्या. एकटा मॅनेजर तिजोरी उघडू शकत नाही. आणि ह्या चाव्यांची डुप्लिकेट जोडी असते, ती आपल्या शाखेत ठेवायची नाही. सीलबंद पाकिटात घालून दुसऱ्या शाखेत ठेवायची. एवढ्यावर भागत नाही. ठरावीक काळाने ते पाकीट आणायचे, ती जोडी वापरात घ्यायची आणि आधीची जोडी तिकडे पाठवायची. का, तर डुप्लिकेट चावी खरोखर लागते की नाही, हे तिजोरी अडल्यावर कळून उपयोग नसतो. साहेबांबरोबर एस.टी.त बसून ती पाकिटे नेताआणताना मी वीस वर्षे मनातल्या मनात हसत आलो होतो. ढगाचे सगळे शास्त्र त्या पाकिटात होते. मी ते मांडीवर घेऊन बसलो होतो आणि बाहेर ऊस बघत होतो.

पुढच्या सभेत मी दोन ठराव मांडले. पहिला, मेन स्विचचा ठराव रद्द. दुसरा लांबलचक होता. डॅशबोर्डचे खाते वाचनालयाच्या नावावर, आणि त्याचे मालक दोन: बाई आणि अध्यक्ष. बॅकअपचा ढग निराळ्या कंपनीचा, त्याचा पासवर्ड निराळा, तो माझ्याकडे. म्हणजे एक हात चोराचा झाला तरी दुसऱ्या हाताला घडी बसणार नाही. ज्या पासवर्डांच्या जागी फुल्या येतात ते कागदावर, सीलबंद पाकिटात. डब्यातल्या फाइलींची आणखी एक प्रत साध्या डिस्कवर, शेजारच्या तालुक्याच्या वाचनालयाच्या कपाटात, एस.टी.ने नेऊन ठेवणार खजिनदार, तिकीट स्वखर्चाने. बॅकअप फसला तर मेल तिघांना जाईल, आणि रोज सकाळी झाला की नाही ते बाई फळ्यावर सुविचाराखाली लिहितील. शेवटचे कलम: दर तीन महिन्यांनी एक फाइल बॅकअपमधून उतरवून, उघडून, सभेसमोर ठेवावी.

३१ मार्च हा म्हणे २०११ पासून जागतिक बॅकअप दिन म्हणून पाळतात. तारीख काढणाऱ्याने बँकेत कधी नोकरी केलेली नाही हे उघड आहे. आम्ही ३० जून धरला.

पण बॅकअपमधून उतरवायची कोणती फाइल? त्या आधीच एक गोष्ट घडली होती. पोरग्याचा टोरांटोहून बाईंना फोन आला होता. एप्रिलमध्ये एका रेकॉर्डिंगात नानांनी त्याच्या आजोबांचे नाव घेतले होते, दुष्काळाच्या वर्षी बैलगाडीतून पुस्तके वाटायला गेलेले. तेवढी आठ मिनिटांची फीत बाईंनी त्याला व्हॉट्सॲपवर पाठवली होती, आणि पाठवल्याचे त्या विसरून गेल्या होत्या. तो विसरला नव्हता. कोयनेचा भूकंप गेला, बाकीचे दोन रविवार गेले. हा एक रविवार दुसऱ्या शाखेत राहिला होता.

आता दर तीन महिन्यांनी कमिटी बसते. हिशेब वाचून झाला की बाई ढगातून ती फाइल उतरवतात. कोणी बोलत नाही, अध्यक्षसुद्धा. आठ मिनिटे नाना बोलतात. मधेच चहाची कपबशी वाजते, दूर कुठेतरी एस.टी.चा हॉर्न वाजतो. मग मी कार्यवृत्तात लिहितो, 'चाचणी घेतली, ठीक आढळली'. खरे तर पहिल्या पाच सेकंदांत चाचणी झालेली असते. पण फाइल मध्येच बंद करावी असा ठराव अजून कोणी मांडलेला नाही, आणि सूचक म्हणून मी तर मुळीच उभा राहणार नाही.

शेवटी नाना थांबतात. खुर्ची करकरते. आणि ते बाईंना विचारतात, "चालू आहे ना गं ते तुझं? नाहीतर मी आपला उगाच बोलतोय."

"चालू आहे, नाना," फितीतल्या बाई म्हणतात. "सगळं नीट ठेवलंय."

टेबलाच्या पलीकडच्या बाई तेवढ्यात पदराने चष्मा पुसत असतात. मी वहीत तारीख घालतो आणि सहीसाठी वही पुढे सरकवतो.